सोबत: कोणी नाही

नेमाण्णा माणसांचे फोटो डोळे मिटून काढत.

मी थट्टा करत नाही. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की ते काळ्या फडक्यात डोकं घालून सगळी जुळवाजुळव अगदी नीट करत, मग बाहेर येत, भिंगाचं टोपण काढत आणि टोपण परत लावेपर्यंत डोळे घट्ट मिटून उभे राहत. खुर्चीवरच्या माणसाला वाटे, देवाचं नाव घेत असतील. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "फोटोसाटनं मानूस ज्ये तोंड करतंय न्हवं मास्तर, त्ये बघवत न्हाय."

बेळगावात अनगोळच्या वाटेवर आमच्या घरासमोर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत स्टुडिओ, म्हणजे एक खुर्ची आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर राजवाडा होता आणि राजवाड्यापुढे दोन राजहंस. त्यातला एक बदकासारखा दिसे. आतली खोली अंधाराची. तिथे लाल काचेचा कंदील, चार थाळ्या आणि नेमाण्णा. मी सरकारी शाळेत मास्तर. संध्याकाळी शाळा सुटली की त्यांच्या पायरीवर बसून बोलायचं, हा माझा परिपाठ होता. बोलायचं मी, ऐकायचं त्यांनी. ते ऐकतात की नाही हे मी कधी तपासलं नाही. मास्तराला ती सवय नसते.

मूळचे ते निपाणीचे. घरी तंबाखूची वखार, तिघे भाऊ त्याच धंद्यात. नेमाण्णांना तंबाखूच्या धुळीनं शिंका येत. एकदा सुरू झाल्या की तीस-चाळीस. भर लिलावात त्यांच्या शिंकेला व्यापारी बोली समजून बसले आणि माल भलत्याच्या गळ्यात पडला, तेव्हा थोरल्या भावानं त्यांना हात जोडून घराबाहेर काढलं. "शिंकंचं निमित्त हो," ते मला म्हणाले होते. "खरं म्हंजे आरडावरडा सोसत न्हाय. वखार सोडून वीस वरसं झाली, पर डोसक्यात अजून लिलाव चालूच असतोय. पान्यापशी गेलो की तेवढा थांबतोय."

म्हणून ते पाण्याचे फोटो काढत. लग्न, मुंजी, सासरी निघालेल्या मुली हे पोटासाठी. पाणी स्वतःसाठी. विहीर, तळं, ओढा, गुरांची दोण, काहीही चालायचं, फक्त त्यात माणूस नको. एकदा ऐन वेळी एक म्हैस पाण्यात शिरली तर त्यांनी तो फोटो उमटलेली काच घासून कोरी केली. भिंगाचं टोपण काढलं की कानडीत मोजत: ओंदु, एरडु, मूरु. घरी बोलायला मराठी आणि मोजायला कानडी का, तर मराठीत मोजलं की घाई होते म्हणे. आणि त्या वेळी आजूबाजूला कुणी तोंड उघडलं की ठरलेलं वाक्य येई, "गप ऱ्हावा, पानी बघाय लागलंय."

शहापुरातल्या एका व्यापाऱ्यानं त्यांना लग्नाला बोलावलं होतं. बारा काचा न्यायच्या, बारा फोटो काढायचे, असं ठरलेलं. अकरांत वऱ्हाड आलं. बारावा निघाला तो अंगणातल्या तांब्याच्या घंगाळाचा, काठोकाठ भरलेल्या. व्यापारी तो फोटो घेऊन तावातावानं आला. नेमाण्णांनी बाराही फोटो ओळीनं मांडले आणि शांतपणे म्हणाले, "बघा तुमीच. अकरांत कोन ना कोन हाललंय. ह्येच्यात कोन हाललंय काय?" व्यापाऱ्यानं बाराही फोटो पुन्हा निरखले. तो घंगाळाचाही फोटो घेऊन गेला.

जैनाचा मुलगा असल्यानं पाणी गाळल्याशिवाय वापरायचं नाही, हा नियम फोटोलाही लागू होता. काचा धुवायचं पाणीसुद्धा चौपदरी फडक्यातून गाळलेलं. आणि फडक्यात जे बारीक जीव अडकतील ते ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत. त्यामुळे हातातलं काम टाकून, ओलं फडकं दोन्ही तळहातांवर धरून रस्त्यानं पळत निघालेले नेमाण्णा आळीतल्या सगळ्यांनी पाहिले होते. काचेवरचा लेप मात्र जनावरांच्या हाडांपासून करतात, असं कुणीतरी निपाणीला जाऊन त्यांच्या वहिनीला सांगितलं. तेव्हापासून माहेरच्या घरी... म्हणजे त्यांच्याच घरी हो, पण ते इतके पाहुण्यासारखे जात की माझ्या तोंडात तसंच येतं, तिथे त्यांचं ताट पडवीत मांडू लागले. मी विचारलं, खरं आहे का हो हाडांचं? "मला ठाव न्हाय," ते म्हणाले. "इचारलोबी न्हाय." आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नसत, पण हे वेगळं होतं.

मग युद्ध आलं आणि विलायतेहून काचा यायच्या बंद झाल्या. शेवटच्या पेटीतली एकेक काच संपत गेली. लग्नवाले दारात येऊन गयावया करत आणि नेमाण्णा तोंडावर सांगत, "लग्नाला काचा न्हाईत." कपाटात एक होती, हे मला माहीत होतं.

त्या एका काचेपायी आम्ही गुंजीला गेलो. आम्ही म्हणजे ते निघाले होते आणि मी मागे लागलो. घरातली मंडळी माहेरी गेलेली, रविवार, घर खायला उठलेलं. "मी येतो," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नको म्हणाले नाहीत.

सकाळच्या गाडीनं गुंजीला उतरलो. रेल्वेच्या पुलाखालून ओढा वाहतो, त्याच्या वरच्या अंगाला एक डोह आहे. तिथे त्यांनी कॅमेऱ्याची तिवई रोवली आणि मी एक नवल पाहिलं. हा माणूस स्टुडिओत कायम खांदे कानाशी नेऊन वावरे, हात थरथरत, कपाळ घामानं डबडबलेलं असे. डोहाशी उभं राहिल्यावर पाच मिनिटांत ते खांदे खाली आले. हात स्थिर झाले. चेहरा दुपारी निजलेल्या मुलासारखा सैल झाला. मी ते पाहून गप्प बसायला हवं होतं. मी इन्स्पेक्टरच्या शाळातपासणीची हकिकत सुरू केली.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या पल्याडच्या दगडावर जाऊन बसा. आन् हालू नका. हाललासा की माती घसरून पान्यात पडतीया."

मला हद्दपार केलं असं मी समजलो. छत्री उघडून त्या दगडावर मुकाट बसलो. पलीकडून संथ आवाज आला: ओंदु, एरडु, मूरु. हन्नेरडुपर्यंत, म्हणजे बारापर्यंत मोजणी झाली. टोपण बसलं. दुपारच्या गाडीनं आम्ही परत आलो. आणि त्याच रात्री त्या पुलाजवळच्या टेलिग्राफच्या तारा कुणीतरी तोडल्या.

ते दिवस काही सांगू नयेत असे होते. बेचाळीसची चळवळ पेटलेली. कुणाच्या अंगणात पोलीस उभा राहील याचा नेम नव्हता. आमच्या शाळेतला एक मास्तर मिरवणुकीच्या कडेला उभा दिसला, एवढ्यावर घरी बसला होता. मी दोन रात्री झोपलो नाही. आपण गुंजीला गेलो होतो हे आपण होऊन कुणाला सांगायचं नाही, एवढं मी ठरवलं, आणि असं ठरवणाऱ्या माणसाचं तोंड जसं दिसतं तसं तोंड घेऊन शाळेत गेलो.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटून घरी येतो तो नेमाण्णांच्या दारात दोन पोलीस. आत फौजदार. गुंजीच्या स्टेशनवर कुणीतरी तिवई घेतलेला माणूस पाहिला होता. तिवई दिसली की लोक माणसांकडे बघत नाहीत, म्हणून मी सुटलो होतो.

"मास्तर, या इकडे," फौजदार म्हणाले. "पंच हवेत. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. पंचनामा तुम्हीच लिहा."

दुसरा पंच अनगोळचा बसाप्पा गवळी. संध्याकाळचं दूध घालायला निघालेला, दाराशी थांबला तोच धरला गेला. दुधाच्या दोन्ही कासंड्या पायांत धरून तो कोपऱ्यात बसला होता आणि दर थोड्या वेळानं म्हणत होता, "सायेब, दूद नासंल."

कपाटातून पाण्याच्या फोटोंच्या काचांचे लिफाफे निघाले. एक्केचाळीस. नेमाण्णांनी ते तारीखवार लावून ठेवलेले. फौजदारांनी पहिला उचलला, काच खिडकीच्या उजेडात धरली. "जागा?"

"अनगोळचं तळं."

"काय आहे ह्यात?"

"पानी."

"सोबत कोण होतं?"

"कोन न्हाय."

"लिहा मास्तर."

मी लिहिलं. स्थळ: अनगोळचं तळं. तपशील: पाणी. सोबत: कोणी नाही. मला हिशेब सरळ दिसत होता. एक्केचाळिसावा लिफाफा गुंजीचा. तिथेही हाच प्रश्न येणार, आणि खरं बोलायचं व्रत घेतल्यासारखा हा माणूस माझ्याकडे बोट करणार. मी टाकाला न लागलेला केस काढत बसलो. तेवढाच एक लिफाफा लांबला.

दुसरा, तिसरा, आठवा. मारकंडेय नदीचा काठ, पानी, कोन न्हाय. कंग्राळीची विहीर, पानी, कोन न्हाय. दहाव्याला फौजदार उखडले. "एवढा गावोगाव हिंडतोस तो एकटाच? बायको?"

"न्हाय."

"मित्र?"

"न्हाय."

"भाऊ तरी?"

"हाईत. पर त्ये बोलत्यात."

एक पोलीस हसला. फौजदारांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पट्टा सारखा करू लागला. विसाव्या लिफाफ्याला उन्हं पडद्यावरच्या राजवाड्यावरून खाली उतरली. नेमाण्णा हळूच म्हणाले, "सायेब, सूर्य बुडायच्या आत चार घास खाऊ काय? मागनं मला चालत न्हाय."

"संपलं की जेव."

संपवायचा एक सोपा रस्ता होता. गुंजीला मास्तर माझ्यासोबत होते, विचारा त्यांना, एवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. नेमाण्णांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

तिसावा. पस्तिसावा. आधी मला नुसती भीती वाटत होती. पण एकाखाली एक ते दोन शब्द लिहिता लिहिता मला कसंसंच होऊ लागलं. एकट्यानं जायला आवडणं निराळं, आणि ते पोलिसांपुढे चाळीस वेळा कबूल करावं लागणं निराळं. वीस वर्षांच्या आयुष्याचा पंचनामा मी माझ्या घोटीव अक्षरात करत होतो आणि प्रत्येक ओळीचा शेवट तोच होत होता. मी रोज त्यांच्या पायरीवर बसत असे. त्या यादीत मी कुठे नव्हतो.

एक्केचाळिसावा लिफाफा निघाला तेव्हा खिडकीत तांबूस उजेड राहिला होता.

"गुंजी," फौजदार स्वतःच म्हणाले. "पुलाजवळ. रविवारी. सोबत कोण होतं?"

नेमाण्णा थांबले. चाळीस वेळा ते थांबले नव्हते.

"कोन न्हाय," ते म्हणाले.

मी टाक दौतीत बुडवला. देवाशपथ सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते सुटलो हेच. मी ते दोन शब्द लिहिलेही.

फौजदारांनी काच उजेडात धरली. मग डोळ्यांजवळ नेली. मग उलटी केली. "अन् हा कोण?"

सगळे उठून पाहायला लागलो. काचेवर डोह होता. पूल नव्हता, तारा नव्हत्या, काठसुद्धा नव्हता. नुसतं पाणी, आणि त्या पाण्यात पडलेलं एका बसलेल्या माणसाचं प्रतिबिंब. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, त्यामुळे त्याचा कोट पांढरा, टोपी काळी, आणि डोक्यावर लख्ख पांढरी छत्री.

"चाळीस काचांत माणूस नाही," फौजदार सावकाश म्हणाले, "आणि पुलाजवळच्या काचेत आहे. कोण आहे हा? नाव सांग. नाहीतर आत्ता चल चौकीवर."

"झाडाची सावली हाय," नेमाण्णा म्हणाले. त्यांचे खांदे कानांना टेकले होते, आणि घामाचा थेंब नाकावरून हनुवटीवर आला होता. खोटं बोलायची सवय नसली की माणूस किती वाईट खोटं बोलतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"झाड छत्री घेऊन बसतं?"

"सावलीच हाय, सायेब."

पोलिसानं त्यांचं मनगट धरलं. माझ्या डोळ्यांपुढे घर आलं, शाळा आली, घरी बसवलेला तो मास्तर आला. ओंदुपासून हन्नेरडुपर्यंत मोजायला जेवढा वेळ लागतो तेवढा मला लागला असेल. त्याची लाज मला आजही वाटते.

"मी होतो," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की बसाप्पानंच तो आधी ऐकला. "मास्तर म्हंत्यात त्येनी हुतं," त्यानं सगळ्यांना सांगितलं.

फौजदारांनी मला टोपी घालायला लावली. कोपऱ्यात ठेवलेली माझी छत्री उघडून हातात दिली. खुर्चीवर, त्या राजहंसांपुढे बसवलं. मग काच धरून एकदा माझ्याकडे, एकदा काचेकडे, असं पाच-सहा वेळा पाहिलं. छत्रीची काडी माझ्या टोपीत अडकली, ती मी सोडवत होतो.

"ह्या माणसानं सरकारी तारा तोडल्या असं वर लिहून पाठवलं," ते शेवटी म्हणाले, "तर वरचे मलाच रजेवर पाठवतील." आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. "अहो, पण तुम्ही पंच! पंचच आरोपीबरोबर हिंडत होता म्हणजे हा पंचनामा गेला चुलीत. नवा पंच आणायचा, पहिल्या काचेपासून सगळं परत लिहायचं."

"पुन्यांदा पयल्यापासनं?" बसाप्पा किंचाळला. "सायेब, मी दूद टाकून पळून जातो, मग मला पकडा!"

फौजदारांनी लिफाफ्यांच्या ढिगाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि माझं सुरेख अक्षर उभं आडवं फाडून खिशात घातलं. मला दहा मिनिटं दम भरला. पुढे शाळाखात्याची ताकीदही आली, पण नोकरी राहिली. चाळीस लिफाफे त्यांनी तिथेच ठेवले. गुंजीची काच मात्र चौकशीसाठी नेली, ती परत आली नाही.

ते गेले तेव्हा सूर्य बुडाला होता. नेमाण्णांनी झाकून ठेवलेली भाकरी दारातल्या कुत्र्याला घातली आणि लिफाफे पुन्हा तारीखवार लावू लागले. मी तिथेच उभा होतो. शेवटी म्हणालो, "माझं नाव आधीच का नाही घेतलंत?"

"तुमची नोकरी हाय." एक लिफाफा उलटा होता, तो त्यांनी सुलट केला. "चाळीस येळा खरं बोल्लो, मास्तर. कोन न्हाय, कोन न्हाय. त्येचं कायबी वाटलं न्हाय. येकदा खोटं 'कोन न्हाय' म्हनायला लागलं, तवा घशात अडाकलं."

"पण मी त्या काचेत आलो कसा? तुम्ही तर मला बाजूला बसवलं होतं."

ते लिफाफे लावतच राहिले. "बाजूला न्हाय बसिवलं. बरूबर बसिवलं."

"तुम्हाला तर पाण्यात माणूस चालत नाही."

"न्हाय चालत," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "त्या दिशी पानी रिकामं दिसाय लागलं हुतं."

शेवटची काच होती ती, आणि ती त्यांनी माझ्यावर खर्ची घातली होती. माझे डोळे भरून आले. ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी छत्री मिटत बसलो.

त्यांनी कपाट लावलं, हात पुसले. "ऐतवारी मारकंडेयवर जानार हाय," ते म्हणाले. "काचा संपल्यात. क्यामेरा नेत न्हाय. नुसतं बसायचं." आणि दाराकडे बघत, फार जड काहीतरी उचलल्यासारखं, त्यांनी विचारलं, "येतासा काय?"